विस्मरणाचा आजार असलेल्या आईवडिलांना वारंवार होणारा लघवीचा संसर्ग : आपले अनुभव

आईला विस्मरणाचा आजार होऊन सात वर्षे झाली. त्यातील गेल्या तीन वर्षांत तिला लघवीचा संसर्ग किती वेळा झाला हे सांगायचे, तर मला वही उघडून पाहावी लागते. साताऱ्यात आणि सांगलीकडे अशाच घरांतून राहणाऱ्या काही जणांना मी आपापला अनुभव लिहिण्याची विनंती केली होती. सर्वांनी मनापासून लिहिले. सुरुवात माझ्यापासून करते.

शाहूपुरी, सातारा. आईची मुलगी.

पहिल्या वेळी आम्हाला काहीच कळले नाही. रविवारी संध्याकाळी आईने नेहमीप्रमाणे तुळशीपुढे दिवा लावला होता आणि मंगळवारी सकाळी ती पलंगावर बसून अंगावरच्या गोधडीचा एकेक टाका नखाने उसवत होती. मी हात धरला की माझ्याकडे अनोळखी नजरेने पाहायची, आणि सोडला की पुन्हा तेच. ताप नव्हता, लघवीला जळजळ होते असे तिने म्हटले नव्हते. पण जळजळ म्हणजे काय हे सांगण्याची तिची शक्ती तोवर गेलेली होती, ही गोष्ट आमच्या लक्षात यायला हवी होती. आजार पुढच्या पायरीवर गेला, असे घरातल्या सर्वांनी धरून चालले. झोपेची गोळी वाढवून मिळाली आणि आई दोन दिवस गुंगीत राहिली. चौथ्या दिवशी हुडहुडी भरून ताप चढला, तेव्हा तिला ॲडमिट करावे लागले. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत, ई. कोलाय हा जंतू निघाला. दहा दिवसांनी ती घरी आली, पण दिवा लावायचा असतो हे तिला त्यानंतर पुन्हा आठवले नाही.

विस्मरणाचा आजार महिन्या-महिन्यांनी उतरणीला लागतो. एका-दोन दिवसांत माणूस पार बदलले, सकाळी बरे आणि दुपारी भ्रमिष्ट असे होऊ लागले, किंवा एरवी फिरणारे माणूस अचानक गप्प होऊन नुसते झोपून राहू लागले, तर तो मूळ आजार नव्हे. त्याच्या वर दुसरे काहीतरी येऊन बसलेले असते. डॉक्टर त्याला डेलिरियम म्हणतात. यातला गप्प राहण्याचा प्रकार घरात कोणाच्या ध्यानात येत नाही, कारण त्याचा कोणाला त्रास होत नाही.

दुसरी चूक याच्या नेमकी उलट झाली. एकदा पोळल्यामुळे आईचा प्रत्येक वाईट दिवस आम्ही लघवीच्या माथी मारू लागलो. घरात मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या असत, त्यातल्या दोन-तीन देऊन पाहत असू. वर्षभरात अशी वेळ आली की कल्चरच्या अहवालात पोटातून देण्याच्या बहुतेक औषधांना रोगजंतू दाद देत नाहीत असे लिहून आले आणि सात दिवस रोज शिरेतून इंजेक्शन घेण्यासाठी तिला रिक्षातून न्यावे लागले. त्या वेळी भेटलेल्या फिजिशियननी मला समोर बसवून समजावले. वृद्ध स्त्रियांच्या लघवीत कोणताही त्रास नसतानाही जंतू सापडणे ही नेहमीची गोष्ट आहे. तशा वेळी प्रतिजैविक (अँटिबायोटिक) देऊन फायदा होत नाही. जुलाब होतात आणि जंतू मात्र निर्ढावतात. अमेरिकेतील संसर्गरोग तज्ज्ञांच्या संस्थेने 2019 साली दिलेला सल्लाही हाच आहे : विस्मरण असलेल्या वृद्धाच्या लघवीत जंतू आहेत आणि नवा गोंधळ आहे, पण ताप नाही, जळजळ नाही, ओटीपोटात दुखत नाही, तर लगेच प्रतिजैविक न देता आधी बाकीची कारणे शोधावीत आणि बारकाईने लक्ष ठेवावे.

तेव्हापासून आमचा क्रम ठरला आहे. ताप, हुडहुडी, लघवीत रक्त, लघवीला जाताना तोंड वेडेवाकडे करणे, अचानक वारंवार जाणे, ओटीपोटाला हात लावू न देणे यांपैकी काही दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टर आणि लघवीचा नमुना. यांपैकी काही नसेल, तर डॉक्टरांना फोन करून पोट साफ झाले का, पाणी किती गेले, नवे औषध कोणते सुरू झाले, रक्तातली साखर आणि सोडियम किती आहे, कुठे दुखते आहे का, हे पाहायचे. मात्र हाक मारूनही ती जागी होत नसेल, धाप लागली असेल किंवा हातपाय गार पडले असतील, तर वही बाजूला ठेवून सरळ रुग्णालय गाठायचे.

आईच्या बाबतीत सर्वांत मोठा फरक पडला तो स्त्रीरोगतज्ज्ञांनी दिलेल्या इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाच्या मलमाने. पाळी गेल्यानंतर योनिमार्गाची त्वचा कोरडी आणि पातळ होते, तिथले चांगले जंतू कमी होतात, म्हणून संसर्ग वारंवार होतो, असे त्यांनी सांगितले. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास नाही ना, हे आधी विचारून घेतले. पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि नंतर आठवड्यातून दोनदा थोडेसे मलम योनिमार्गात लावायचे. आधीच्या वर्षी पाच वेळा झालेला संसर्ग पुढच्या वर्षी दोनदा झाला. हे औषध तोवर आम्हाला कोणीही सुचवले नव्हते, याची मला आजही खंत वाटते.

मिरज. वडिलांचा मुलगा.

माझे वडील रेल्वेतून निवृत्त झालेले, वय 83. त्यांना सहा महिन्यांत तीनदा संसर्ग झाला. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा झाला, तर त्याला वारंवार होणारा संसर्ग म्हणतात आणि मुळाशी काय आहे ते शोधावे लागते. आम्ही ते शोधले नाही, कारण डायपर सतत ओला होता. लघवी भरपूर होते आहे, मग अडचण कसली, असे आम्हाला वाटायचे. प्रत्यक्षात लघवी तुंबलेली होती आणि भरलेल्या हंड्यातून सांडावे तसे थोडे थोडे बाहेर पडत होते. लघवी करून आल्यावर लगेच केलेल्या सोनोग्राफीत 400 मिलिलिटरहून अधिक लघवी आत शिल्लक दिसली. मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली होती. साचलेल्या पाण्यात जंतू वाढणारच. पुरुषाला वारंवार संसर्ग होत असेल, तर ही सोनोग्राफी पहिल्याच वेळी करून घ्यावी, असे मी सर्वांना सांगतो.

काही आठवडे कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, ठेवावा लागला. नळी म्हणजे काय हे त्यांना कळत नव्हते. एका रात्री त्यांनी ती आतल्या फुग्यासकट ओढली आणि रक्तस्राव झाला. पुढे नळी मांडीला पट्टीने बांधून पायजम्याच्या आतून खाली नेली, ती डोळ्यांना दिसेनाशी झाली, तसे त्यांचे हात तिकडे जाणे थांबले. पिशवी मूत्राशयाच्या पातळीच्या खाली, पण जमिनीला न टेकता टांगायची, हे रात्रीच्या मावशींना रोज सांगावे लागे. नळी असेपर्यंत लघवीत जंतू असणारच. महिनाभरात ते जवळपास प्रत्येकाच्या लघवीत सापडतात, म्हणून त्रास नसताना कल्चर करू नये, हे आमच्या मूत्रविकारतज्ज्ञांनी बजावले होते. नळी शक्य तितक्या लवकर काढणे हाच खरा उपाय असतो.

वाई. सून.

थोडक्यात लिहिते. सासूबाईंना विस्मरणासाठी डोनेपेझिल सुरू होते. त्याने लघवीची घाई वाढू शकते. ती वाढली, म्हणून दुसऱ्या ठिकाणी ऑक्सिब्युटिनिन मिळाले. ते नेमके पहिल्या औषधाच्या विरुद्ध काम करते, गोंधळ वाढवते, बद्धकोष्ठ करते आणि लघवी तुंबवू शकते. दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांपुढे ठेवल्या त्या दिवशी हे उलगडले. सर्व औषधे एका पिशवीत घालून न्यावीत.

जत. आईचा मुलगा.

वरचे अनुभव वाचले. माझी अडचण निराळी आहे आणि तिच्याविषयी कोणी उघड बोलत नाही. घरात मी एकटा आहे. आईची स्वच्छता मलाच करावी लागते. पहिल्या दिवशी तिने लुगड्याचा काठ दोन्ही मुठींत घट्ट धरला आणि म्हणाली, "दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा." मी तिचा मुलगा आहे हे ती विसरली होती, लाज मात्र विसरली नव्हती. मी जबरदस्ती केली आणि तिने मला ओरबाडले. आठवडाभर ती मला पाहिले की भिंतीकडे सरकायची.

शेजारच्या काकूंनी मार्ग दाखवला. कोमट पाण्याचा तांब्या आणि मऊ सुती फडके आईच्याच हातात द्यायचे, कमरेवरून एक मोठी चादर पांघरायची आणि चादरीखाली तिचा हात धरून पुढून मागे पुसायचे. मागून पुढे कधीही आणायचे नाही. साबण लावायचा नाही, नुसते पाणी पुरते. डायपर तीन ते चार तासांनी बदलायचा आणि शी झाली असेल तर त्याच क्षणी. काकू रोज सकाळी येतात, संध्याकाळी मी करतो. मी तेव्हा तिला आई म्हणत नाही, "मावशी, देवळात जायचं आहे, आवरून घ्या," असे म्हणतो. ती आवरून घेते.

पाण्याचेही सांगतो. आमच्या भागात टँकरची वाट पाहत आयुष्य गेलेल्या बायकांना पाणी कमी पिण्याची आणि लघवी रोखून धरण्याची सवयच लागलेली असते. "पाणी पी" म्हटले की आई मान फिरवते. म्हणून ज्वारीची पातळ आंबील, ताक, डाळिंबाचा रस, कळणाचे पाणी असे दर तासाला अर्धी वाटी देतो. दिवसभरात दीड लिटरच्या आसपास होते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल, तर हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

विश्रामबाग, सांगली. निवृत्त परिचारिका, आणि आईची मुलगी.

माझी नोकरी वॉर्डात गेली, तरी नमुना घेण्यात घरी चुका झाल्याच. डायपर पिळून किंवा तासभर पडून राहिलेल्या भांड्यातून घेतलेला नमुना निरुपयोगी असतो. अहवालात दोन-तीन जातींचे जंतू एकत्र आले, तर बहुतेक वेळा तो बाहेरचा मळ असतो. मी आईला सकाळी उठल्या उठल्या कमोडवर बसवते, त्याआधी पाण्याने स्वच्छ करून कोरडे करते, पाण्याच्या आवाजाने लघवी यावी म्हणून नळ थोडा चालू ठेवते. पहिली धार जाऊ देऊन मधली धार निर्जंतुक डबीत धरते. हे जमत नसेल, तर दवाखान्यात बारीक नळी एकदाच घालून नमुना घेता येतो. डबी दोन तासांत प्रयोगशाळेत पोचली पाहिजे, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवावी, पण चोवीस तासांपलीकडे नाही. नमुना प्रतिजैविकाच्या पहिल्या गोळीच्या आधी घ्यायचा, हे सर्वांत महत्त्वाचे. कल्चरचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. त्रास जास्त असेल, तर डॉक्टर तोवर एक औषध सुरू करतात आणि अहवाल आल्यावर गरज वाटली तर बदलतात. मागचे सगळे अहवाल तारखेनुसार लावून ठेवले, तर ती पहिली निवड अंदाजाची राहत नाही. नायट्रोफ्युरँटॉइन हे प्रतिजैविक चांगले औषध आहे, पण मूत्रपिंडे फार अशक्त असतील तर उपयोगी पडत नाही, म्हणून मूत्रपिंडांचे काम दाखवणारा क्रिएटिनिनचा ताजा अहवाल सोबत असावा. सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाच्या गटातील गोळ्यांनी वृद्धांचा गोंधळ वाढलेला मी स्वतः पाहिला आहे. त्या दिवशी नातेवाईकांना संसर्गच वाढला असे वाटते.

कोरेगाव. मुलगी.

बाबा दोन रात्री ओरडत होते. लघवीचे औषध चालू केले, काही फरक नाही. तिसऱ्या दिवशी पोट तपासले, तर आठ दिवसांचा मळ साठला होता. एनिमा दिल्यावर त्याच संध्याकाळी ते शांत झोपले. सर्दीच्या साध्या गोळीने बद्धकोष्ठ वाढले होते, असे नंतर लक्षात आले.

पलूस. मुलगा.

आमचे अण्णा गेल्या वर्षी गेले. शेवटच्या वर्षात ते अंथरुणावरच होते. एका संसर्गाच्या वेळी त्यांना दहा दिवस रुग्णालयात ठेवले. सलाईन काढू नये म्हणून त्यांचे दोन्ही हात पलंगाला बांधलेले होते आणि ते रात्रभर बैलांना हाका मारत होते. घरी आणल्यावर आम्ही भावंडे आणि डॉक्टर एकत्र बसलो आणि पुढच्या वेळी काय करायचे, काय करायचे नाही, ते आधीच ठरवले. पुढच्या वेळी ताप आला तेव्हा घरीच फॉस्फोमायसिन या प्रतिजैविकाची पुडी पाण्यातून दिली, तापाचे आणि दुखण्याचे औषध दिले, डॉक्टर एक दिवसाआड येऊन पाहून गेले. त्या खेपेला ते बरे झाले. त्याच्या पुढच्या खेपेला झाले नाहीत. तेव्हा ते सोप्यातल्या आपल्या खाटेवर होते, हात मोकळे होते आणि थोरली बहीण त्यांच्या ओठांना कापसाने पाणी लावत होती. आम्ही घाई करून त्यांना हलवले नाही, हे बरोबर केले असे मला वाटते. ज्यांचे माणूस अजून हिंडते-फिरते आहे, त्यांनी मात्र ताप आला की थांबू नये. त्या दोन परिस्थितींत फार अंतर आहे, आणि आपण कोणत्या परिस्थितीत आहोत हे डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारावे. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी खुर्ची ओढली आणि अर्धा तास आमच्याशी बोलले.