‘परिणामवाद’ राजकीय लेखनात चालेल का?

रानजाई : एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करते आहे. राजकीय विचारसरणीची पारख तिच्या ध्येयांवरून न करता, ती अमलात आल्यावर माणसांचे काय झाले यावरून करावी, असे लेखकाचे म्हणणे आहे. या भूमिकेला मी ‘परिणामवाद’ म्हटले, तर संस्कृत शिकवणाऱ्या माझ्या मामांनी तो शब्द खोडून समासात लिहिले, ‘हा सांख्यांचा आहे.’ ‘उपयुक्ततावाद’ वेगळ्या मतासाठी रूढ आहे. मग काय वापरावे?

टाकसाळ : मामांचे बरोबर आहे. दुधाचे दही होते तसे कारणच कार्याचे रूप घेते आणि ते कार्य कारणात आधीपासून असतेच, या सांख्य नावाच्या प्राचीन भारतीय दर्शनाच्या मताला परिणामवाद म्हणतात. ‘फलप्रामाण्यवाद’ प्रॅग्मॅटिझमकडे, म्हणजे विचाराचे सत्य त्याच्या व्यवहारातल्या फलावरून ठरवणाऱ्या मताकडे, गेला आहे. मी ‘फलनिष्ठ मूल्यमापन’ असे लिहीन.

कोरडवाहू : ‘चहाचा झोपेवर परिणाम होतो’ असे म्हणणारा माणूस सांख्यमत मांडत नसतो. शब्द वापरणाऱ्यांचा असतो, तो दर्शनांच्या नावे कायमचा राखून ठेवता येत नाही. ‘फलनिष्ठ’ वाचून तर मला फळबागच आठवते.

जुना वाचक : शब्दापेक्षा भूमिकाच तपासावी. टिळकांनी ‘गीतारहस्या’च्या (१९१५) चौथ्या प्रकरणात ‘पुष्कळांचे पुष्कळ सुख’ या उपयुक्ततावादी कसोटीची चिकित्सा करताना अमेरिकेतील एका शहराचे उदाहरण दिले आहे. ट्रामची परवानगी लवकर मिळावी म्हणून व्यवस्थापकाने लाच दिली. लोकांची सोय झाली, तरी पुढे खटला होऊन त्याला शिक्षा झाली. बाह्य फल चांगले असूनही कर्त्याची बुद्धी पाहावी लागते, असा त्यांचा मुद्दा आहे. मात्र हा न्याय एका माणसाला लागू पडतो. विचारसरणीची बुद्धी कोणाच्या डोक्यात शोधायची?

टाकसाळ : म्हणून तर ‘साधनशुचिता’ हा शब्द आपल्याकडे रुजला. ध्येय आणि फल यांच्यामधली जागा तो भरतो.

कोरडवाहू : भरतो कसला! साधने शुद्ध होती एवढ्यावर उपाशी माणसाचे पोट भरत नाही.

पाणवठा : मला मामांची हरकत फार उपयोगी वाटते, फक्त ती त्यांच्या मनात नसलेल्या कारणासाठी. परिणामवादाचा जोडीदार आहे अद्वैत वेदान्त्यांचा विवर्तवाद, म्हणजे कारण बदलत नाही, कार्याचा नुसता भास होतो हे मत : दोरीवर साप भासतो, दोरी मात्र दोरीच राहते. चीनमध्ये १९५८ साली सुरू झालेल्या ‘मोठ्या झेपे’पाठोपाठ, म्हणजे माओच्या झटपट उत्पादनवाढीच्या मोहिमेपाठोपाठ, भीषण दुष्काळ आला. ‘तो खरा साम्यवाद नव्हताच’ म्हणणारे विवर्तवादी, आणि ‘ते त्या विचारातच होते’ म्हणणारे परिणामवादी. गंमत अशी की, स्वतःच्या घरी प्रत्येक जण विवर्तवादी होतो. ब्रिटिश अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांनी १८७३–७४ च्या बिहारमधील टंचाईत ब्रह्मदेशातून तांदूळ आणून लोक जगवले, आणि खर्च फार केला म्हणून बोल खाल्ले. तेच टेंपल १८७७ साली दुष्काळी कामावरच्या मजुराचे धान्य दिवसाला एका पौंडावर, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅमवर आणतात. खर्च आवरावा आणि धान्याच्या व्यापारात सरकारने हात घालू नये, हे व्हाइसरॉय लिटन यांच्या सरकारचे धोरण होते. पुणे सार्वजनिक सभेने त्याविरुद्ध आवाज उठवला. तरीही दख्खनमधल्या त्या दुष्काळातले मृत्यू बहुतेक वेळा ‘अवर्षणा’च्या खात्यावर पडतात, मुक्त व्यापाराच्या तत्त्वाच्या नव्हे. एकाचा दुष्काळ सिद्धान्ताचा आणि दुसऱ्याचा आभाळाचा, हा हिशेब मला पटत नाही.

टाकसाळ : पण दही लागायला विरजणही लागते. राज्ययंत्रणा, युद्ध, पाऊस हे विरजण. एकट्या दुधाला दोष देता येत नाही.

कोरडवाहू : त्याच विरजणाने दर वेळी तसेच दही लागत असेल, तर दूध तपासायला हरकत नसावी.

रानजाई : ही सगळी चर्चा मामांना वाचून दाखवली. ते म्हणाले, ‘विवर्तात दिवा आणला की दोरी दिसते. तुमच्यापैकी कोणी दोरी पाहिली आहे का?’ शब्द मात्र त्यांनीही सुचवला नाही, आणि मसुदा शुक्रवारी द्यायचा आहे.