एसएटीचं इंग्रजी: शब्दांची यादी पाठ करू की वाचन वाढवू?

कोरीपाटी

नमस्कार. अकरावीला आहे, दहावीपर्यंत मराठी माध्यम. पुढच्या वर्षी एसएटी (अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशासाठीची परीक्षा) देणार आहे. गणिताचं टेन्शन नाही, रीडिंग अँड रायटिंगला गाडी अडते. क्लासमधून हजार शब्दांची पीडीएफ मिळालीय, शब्द आणि पुढे मराठी अर्थ. रात्री पाठ करते, सकाळी आठवतात, आठवड्याने निम्मे गायब. जे राहतात ते परिच्छेदात समोर आले की ओळखीचे वाटतात, पण तिथे काय म्हणायचंय ते लागत नाही.

दुसरं म्हणजे वाचताना मनात मराठी करत जाते. वाक्य संपेपर्यंत सुरुवात निसटलेली असते. सगळे म्हणतात रोज इंग्रजी पेपर वाच. वाचते, पण त्याने नेमकं काय सुधारतंय ते कळत नाही. काय करू?

मधलीसुट्टी

यादी सोडू नकोस. मोबाइलवर अँकी हे फ्लॅशकार्डचं अ‍ॅप टाक, शब्द त्यात भर, ते बरोबर वेळेला परत विचारत राहतं. भावाने हेच केलं होतं. वाचन-बिचन परीक्षेनंतर.

अर्धविराम

वाचन-बिचन परीक्षेनंतर! अहो, परीक्षा वाचनाचीच आहे.

कोरीपाटी, मी इंग्रजी शिकवते आणि माझ्याकडे या परीक्षेची मुलंही येतात, म्हणून जरा लांबण लावते.

आधी ती पीडीएफ कुठल्या काळातली आहे ते बघ. एसएटीतून अ‍ॅनॉलॉजी (शब्दांच्या जोड्यांमधलं नातं जुळवणं) २००५ मध्ये गेल्या, सेंटेन्स कम्प्लीशन (सुट्या वाक्यातली गाळलेली जागा भरणं) २०१६ मध्ये गेलं. नुसता शब्द माहीत असण्याला मार्क मिळायचे तो काळ तिथे संपला, पण त्या वेळच्या याद्या नवीन मुखपृष्ठ लावून अजून फिरतात. अमेरिकेबाहेर मार्च २०२३ पासून परीक्षा डिजिटल आहे. रीडिंग अँड रायटिंगची दोन मोड्यूल, म्हणजे दोन भाग, प्रत्येकात २७ प्रश्न आणि ३२ मिनिटं. परिच्छेद २५ ते १५० शब्दांचा आणि त्यावर एकच प्रश्न. म्हणजे वाचून उत्तर देईपर्यंत हातात सव्वा मिनिटही नाही.

मोड्यूलची सुरुवातच शब्दांच्या प्रश्नांनी होते. परिच्छेदात एक जागा रिकामी आणि खाली चार शब्द. समजा, मजकूर असा आहे: अमुक जातीच्या मुंग्यांच्या वसाहतीत एकच राणी असते असं मानलं जात होतं, नव्या निरीक्षणांनी हे मत ‘टिंबटिंब’, कारण बऱ्याच वसाहतींत दोन-तीन राण्या सापडल्या. पर्याय करॉबोरेट, अंडरमाइन, अँटिसिपेट, रेप्लिकेट. मुलं थेट पर्यायांवर उडी मारतात आणि कुठला शब्द जास्त भारदस्त वाटतो ते बघत बसतात. पर्याय हाताने झाक. ‘कारण’च्या पुढे काय आहे ते वाच आणि रिकाम्या जागी तुझा स्वतःचा शब्द ठेव. तो मराठीत आला तरी बिघडत नाही: ‘डळमळीत केलं’. आता हात काढ. करॉबोरेट म्हणजे दुजोरा देणं, ते उलट झालं. अंडरमाइन. उरलेल्या दोन शब्दांचे अर्थ धूसर असले तरी काम होतं.

म्हणून यादीतल्या अवघड शब्दांइतकंच लक्ष ‘दो’, ‘येट’, ‘डिस्पाइट’, ‘रादर दॅन’ यांच्याकडे दे. अपूर्णविराम आणि अर्धविराम यांच्याकडेही (नावामुळे पक्षपात करत नाहीये). रिकाम्या जागेची किल्ली बहुतेक वेळा त्यांच्यापाशीच असते. आणि खरे दगा देणारे शब्द असतात ते ओळखीचे. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणं एवढंच डोक्यात असेल, तर लेखक आपलं विधान क्वालिफाय करतो, म्हणजे त्याला मर्यादा घालतो, तिथे अडशील. ‘चॅम्पियन’ क्रियापद म्हणून आला की एखाद्या मताचा हिरिरीने पुरस्कार करणं. तुझ्या पीडीएफमध्ये हे शब्द असतील असं वाटत नाही, सोपे म्हणून गाळले असणार.

आठवड्याने गायब होतात त्याबद्दल. रोडिगर आणि कार्पिके या दोघा मानसशास्त्रज्ञांचा २००६ चा एक प्रयोग आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासलं तर परत वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर आठवून लिहिणारे पुढे. तुझं रात्री-सकाळचं गणित नेमकं इथेच फसतंय. शब्द बघून ‘हो, येतो’ म्हणणं म्हणजे आठवणं नव्हे. कार्डच्या पुढच्या बाजूला तो जिथे भेटला ते वाक्य, शब्दाची जागा रिकामी ठेवून, आणि मागे शब्द. अँकीला माझा विरोध नाही, त्यात काय भरतेस यावर सगळं आहे. दिवसाला मोजकेच घे, पण तुझ्या वाचनात आलेले घे.

मनातल्या भाषांतराचं कारण मला विचारशील तर दोन आहेत. एक, तू झेपेल त्यापेक्षा अवघड वाचतेस. आधाराशिवाय नीट समजायला मजकुरातले साधारण ९८ टक्के शब्द माहीत लागतात, असं हू आणि नेशन या भाषा-अभ्यासकांनी २००० साली मांडलं. म्हणजे शंभर शब्दांत दोन नवे. पान उघडून मोज. आठ-दहा निघाले तर ते पान अभ्यासासाठी ठेव, वाचनाला सोपं काहीतरी घे आणि ते भरपूर वाच. दुसरं कारण वाक्यरचनेचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आपण त्याची वाट बघत वाचतो. इंग्रजीत ते कर्त्यामागोमाग येतं आणि शेपूट मागाहून. लांब वाक्य आलं की आधी कर्ता आणि त्याचं क्रियापद शोध. दोन स्वल्पविरामांमधला मजकूर पहिल्या वाचनात सोडून दे. सांगाडा हाती आला की भाषांतर करायची गरजच कमी होते.

पेपर वाच, पण बातम्यांत युक्तिवाद फार नसतो. परीक्षेत विज्ञान, इतिहास, समाजशास्त्र, कथा-कादंबऱ्या आणि कधी कवितेच्या ओळीही येतात. संशोधनावरचे छोटे लेख वाच. एकोणिसाव्या शतकातलं कथासाहित्य प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर फुकट आहे, त्या वळणाच्या भाषेची भीती मोडायला ते बरं. प्रत्येक परिच्छेदानंतर एक ओळ लिही, मराठीत चालेल. ‘मुंग्यांबद्दल’ असं नको. ‘एकच राणी असते हा समज चुकीचा निघाला’ असं हवं.

पानउलट

ताईंचं पटतं, पण यादीला सरसकट झोडपू नये. अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांची अ‍ॅकॅडेमिक वर्ड लिस्ट २००० सालची आहे. त्यात ५७० शब्दकुळं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुळ) आहेत, दहा गटांत वारंवारितेप्रमाणे लावलेली. विद्यापीठीय लेखनात कुठले शब्द वारंवार येतात ते मोजून केलेली यादी आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलीला नुसत्या वाचनातून हे सगळे शब्द भेटायला फार वेळ लागेल. पहिले काही गट हिने जरूर करावेत.

अर्धविराम

मान्य. त्या यादीवर माझा राग नाही. अट एकच, अर्थासोबत वाक्य हवं.

कोरीपाटी

खूप आभार ताई, पानउलट. आजच पर्याय झाकून करून बघितलं, हळू होतंय पण जमतंय. एकच शंका: पहिल्या शब्दांच्या प्रश्नांवरच वेळ गेला तर पुढचे राहतात. आणि येत नसेल तर सोडून द्यायचं का?

अर्धविराम

रिकामं काहीही सोडायचं नाही, चुकीच्या उत्तराला मार्क कापणं २०१६ मध्येच बंद झालं. अडलं की अंदाजाने एक पर्याय टिचकव, प्रश्नावर खूण कर आणि पुढे जा. त्याच मोड्यूलमध्ये मागे येता येतं, एका मोड्यूलमधून दुसऱ्यात मात्र नाही. व्याकरणाचे प्रश्न मागच्या अर्ध्यात असतात आणि नियम पक्के असले तर पटकन सुटतात, त्यांच्यासाठी वेळ राखून ठेव. दुसरं मोड्यूल सोपं येणार की अवघड ते पहिल्यावरून ठरतं, त्यामुळे पहिल्यात धांदल नको. ही परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाच्या ब्लूबुक अ‍ॅपमध्ये पूर्ण सराव परीक्षा फुकट आहेत. त्या एकदम संपवू नकोस. एक दिली की चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत उतरव आणि पुढे लिही: शब्द अडला, वाक्य अडलं, की घाई झाली. वही थोडी भरली की इथे टाक, मग बघू कशावर जोर द्यायचा ते.