मदत हवी आहे: मोटरहोमचा मागचा डावा हायड्रॉलिक जॅक पूर्ण वर जात नाही (वडोदरा)

नमस्कार मंडळी,

बसच्या चासीवर बांधून घेतलेली आमची मोटरहोम आहे, तिला चार कोपऱ्यांत चार लेव्हलिंग (गाडी समतल ठेवणारे) जॅक आहेत. जानेवारीत कच्छला गेलो होतो. धोरडोजवळ मिठाच्या ओल्या जमिनीवर तीन रात्री जॅक टेकवून गाडी उभी होती. परत आल्यावर खालून पाणी मारलं, पण जॅक बाहेर काढून रॉड धुवायचे राहिले. तेव्हाच धुवायला हवे होते.

पावसाळाभर गाडी वाघोडिया रोडच्या प्लॉटवर होती. आता जॅक खाली व्यवस्थित जातात, गाडीही उचलतात. वर घेताना मात्र मागचा डावा साधारण तीन इंच बाहेरच राहतो आणि चावी फिरवली की 'जॅक खाली' चा बझर वाजत राहतो.

पंप १२ व्होल्टचा, तेल लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल). वर घेताना पंप चालत नाही. व्हॉल्व्ह उघडतो, स्प्रिंगा जॅक ओढून घेतात आणि तेल टाकीत परत जातं. म्हणून आधी व्हॉल्व्हवरच संशय घेतला. व्हॉल्व्ह उघडणाऱ्या विजेच्या कॉइलवर व्होल्टेज नीट येतंय. उजव्या जॅकची कॉइल डावीकडे लावून पाहिली, तरी बिघाड डावीकडेच राहिला. मग व्हॉल्व्हचा हाताने उघडायचा स्क्रू सैल केला. जॅक हळूहळू वर आला आणि पुन्हा त्याच तीन इंचांवर अडला. तेल कुठेही गळत नाही.

घाई अशासाठी की दत्तजयंतीला बाबांना गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला न्यायचंय. पक्षाघातानंतर गाडी जराही कलती असली की ते बिछान्यावर एका बाजूला सरकतात, रात्रभर झोपत नाहीत. आमचा फ्रीजही गॅसवर चालणारा आहे, तोही कलत्या गाडीत थंड करत नाही. त्यामुळे जॅक काढून ठेवून जाणं जमणार नाही. पुढे काय तपासू?

प्रतिसाद (इंदूरहून):
दादा, स्क्रू उघडूनही अडतोय म्हणजे वीज आणि कॉइल सोडून द्या. आता एकतर होज (तेलाची नळी) आतून दबलाय, नाहीतर जॅकच धरतोय. गाडी पक्क्या लोखंडी स्टँडवर घ्या, चाकांना अडसर लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, हे हात जोडून सांगतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवून जॅककडचा होजचा नट थोडा सैल करा, खाली ट्रे ठेवा. जॅक वर सरकला तर दोष होजमध्ये. नाही सरकला तर रॉड, सील किंवा स्प्रिंग. दोन्ही मागच्या जॅकच्या स्प्रिंगांची लांबी मोजून ताडून पाहा. रॉडला ग्रीस मुळीच लावू नका, धूळ चिकटून सील कापते. कापडाने पुसून सिलिकॉन स्प्रे पुरे. आणि आत्ता टाकीत तेल भरू नका. पातळी सगळे जॅक पूर्ण वर असतानाच बघायची, नाहीतर नंतर ओसंडेल.

धागाकर्ता:
मनापासून आभार. आज तसंच केलं. नट सैल करूनही जॅक जागचा हलला नाही. स्प्रिंगा दोन्हीकडे सारख्याच. मग जॅक पूर्ण बाहेर काढून रॉड पुसला, तर बरोबर जिथे अडतो तिथे रॉडच्या क्रोमच्या मुलाम्यावर गंजाचे खड्डे सापडले, नख अडकण्याइतके खोल. उरलेल्या तीन जॅकचे रॉड गुळगुळीत आहेत, तेही धुऊन पुसून घेतले.

उद्या जॅक उतरवून मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) नेतोय. सील किट तर बदलणारच. ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी एवढंच सांगा: एवढ्या खोल खड्ड्यांवर रॉड ग्राइंड करून पुन्हा हार्ड क्रोम केलेलं टिकतं का, की रॉडच नवा बनवून घेऊ? आणि बसवल्यावर हवा काढायला जॅक किती वेळा खाली-वर करावा लागला?