व्यसन म्हणजे 'मनाचा कमकुवतपणा' म्हणणाऱ्यांना

निशिगंध:
परवा इथे एकाने लिहिलं, "डिप्रेशन ही सबब आहे. ज्याला प्यायची तो पितो. निग्रह नसला की मेंदूतलं रसायन आठवतं." दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

माझा धाकटा भाऊ दारूच्या आहारी गेला. त्याआधी दीड वर्ष तो कशातच नव्हता. क्रिकेट सुटलं, मित्र सुटले, आईने वाढलेली पुरणपोळी ताटात तशीच राहायची. मग एका लग्नात पहिल्यांदा प्यायला आणि मला म्हणाला, "ताई, आज किती दिवसांनी डोकं हलकं वाटलं." ही हौस होती का?

दारू, अफू, कोकेन, सगळ्यांनी मेंदूच्या न्यूक्लियस अ‍ॅकम्बन्स या भागात डोपामिन हे हवंहवंसं वाटायला लावणारं रसायन वाढतं. मारा सतत चालला की मेंदू तोल सांभाळायला डायनॉर्फिन हे दुसरं रसायन वाढवतो आणि ते डोपामिन दाबतं. नशा उतरली की माणूस आधीपेक्षा उदास. प्राण्यांवरच्या प्रयोगांत नुसत्या ताणानेही हेच डायनॉर्फिन वाढलेलं दिसतं. म्हणूनच बहुधा उदास माणसाला पहिला घोट इतका लागतो.

आमचे हाल वेगळेच. मानसोपचारवाले म्हणाले, आधी दारू सोडवून आणा. व्यसनमुक्ती केंद्र म्हणालं, डिप्रेशनच्या गोळ्या चालू असलेला पेशंट आम्ही घेत नाही. पाच महिने दोन दारांत फिरलो.

तर्कट:
ते वाक्य माझंच होतं. तुमच्या भावाबद्दल वाईट वाटतं, पण मत तेच आहे. मेंदूतलं सेरोटोनिन हे रसायन कमी म्हणजे डिप्रेशन, हे वर्षानुवर्षं सांगितलं. २०२२ साली ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी आधीच्या अभ्यासांचे आढावे चाळले, ठोस पुरावा मिळाला नाही. आणि व्हिएतनाममध्ये हेरॉईनच्या आहारी गेलेले बहुतेक अमेरिकन सैनिक मायदेशी आल्यावर त्यातून सुटले, हे अमेरिकन संशोधक ली रॉबिन्स यांनी दाखवलं. मेंदू तोच होता ना? माझे वडील ३० वर्षं पीत होते. आजोबा गेले त्या दिवशी सोडली, पुन्हा शिवले नाहीत. कुठलं केंद्र नाही, गोळी नाही.

औषधवाला:
दोघांचंही अर्धं बरोबर. सर्पगंधा या औषधी वनस्पतीचा रक्तदाबावरचा उपयोग मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली जगापुढे मांडला. पुढे तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य सर्रास देऊ लागले आणि काही रुग्ण उदास झाले. १९५०च्या दशकात इप्रोनियाझिड या टीबीच्या औषधाने क्षयाचे रुग्ण खुलले. पहिल्याने मेंदूतली सेरोटोनिनसारखी रसायनं घटतात, दुसऱ्याने वाढतात; त्यावरून 'अमुक रसायन कमी' हे गणित निघालं. ते फार ढोबळ होतं, मान्य. म्हणून मेंदूचा संबंधच नाही, असं होत नाही.

ताई, "आधी दारू सोडा" यातही थोडं तथ्य आहे. दारूनेच आलेली उदासी बऱ्याच जणांची दोन ते चार आठवड्यांत निवळते. पण ते पेशंटला जवळ ठेवून बघायचं असतं, दार लावून नव्हे. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू-ड्रग्जशी जोडलेल्या अवस्थाही मानसिक आजारातच धरल्या आहेत.

वैनगंगा:
रसायन राहू द्या बाजूला. मी चंद्रपूरची. दारूचं दुकानच नसेल तर डोपामिन वाढणार कुठून? चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बायका पायी गेल्या, तेव्हा कुठे २०१५ला जिल्ह्यात दारूबंदी आली. २०२१ला उठवली. कोणाच्या भल्यासाठी?

तर्कट:
बंदीच्या काळात चोरटी दारू दुप्पट भावाने मिळत होती, सांगा ना तेही.

वैनगंगा:
मिळत होती. पण आमच्या गल्लीत सातनंतर पोरी बाहेर निघत होत्या, तेही लिहा! आमचा शेजारी बंदीत अर्धी सोडून होता. दुकान उघडलं आणि आठ महिन्यांत गेला. लोक मरून राहिले आणि तुम्ही भाव सांगता.

औषधवाला:
गडचिरोलीत १९९३पासून बंदी आहे, तरी खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारीचं मिश्रण, घरोघरी आहे. एक दार लावलं की मन दुसरं शोधतं.

वैनगंगा:
म्हणून दोन्ही दारं उघडी ठेवायची? खर्राही बंद करा. माझं म्हणणं बदलणार नाही.

साताऱ्याची सून:
वाद कशाला? आमच्या मावशीने चहात पावडर टाकून काकांची सोडवली. त्यांना कळलंही नाही.

निशिगंध:
कृपा करून हा सल्ला कुणालाही देऊ नका! ती बहुधा डायसल्फिराम या दारू सोडवायच्या औषधाची पावडर. माणूस वरून प्यायला की तोंड लाल, उलट्या, रक्तदाब एकदम खाली. जीव जाऊ शकतो. आमच्याकडेही कुणीतरी दिली होती. भाऊ न्हाणीघरात पडला, ओठ पांढरे, आई दार बडवतेय. नंतर महिनाभर तो घरचा चहा प्यायला नाही.

आणि तर्कट, सैनिक घरी परतले म्हणून सुटले, हे खरंच. माझा भाऊ घरीच होता. त्याने परतायचं कुठे?

तर्कट:
याला माझ्याकडे उत्तर नाही.

वडिलांचं अर्धंच सांगितलं होतं. दारू सोडल्यावर वर्षभर ते खिडकीशी बसून असायचे. पेपर उघडा, पान उलटलेलं नसायचं. हाक मारली की दोनदा मारावी लागे. आम्ही सगळ्यांना सांगायचो, बाबा शांत झालेत. डॉक्टरकडे न्यायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. निग्रहाचा मुद्दा मी सोडलेला नाही. 'सबब' हा शब्द मागे घेतो.