मराठी टाइपरायटरवर कथेचा पहिला खर्डा लिहायचाय, कुणी करतं का?

माळ्यावरचं_मशीन:
नमस्कार मंडळी. गावातली टायपिंग इन्स्टिट्यूट बंद झाली तेव्हा बाबांनी तिथलं एक मराठी गोदरेज उचलून आणलं होतं, ते माळ्यावरच पडून होतं, गेल्या महिन्यात खाली काढलं. मी कथा लिहितो. लॅपटॉपवर बसलो की एकच परिच्छेद खोडत, सुधारत रात्र जाते, म्हणून वाटलं जिथे खोडायची सोयच नाही तिथे पहिला खर्डा मारून बघावा. पण शाईची रिबन वाळलीये, अक्षरांत मळ बसलाय, कॅरेज (कागद धरून सरकणारा भाग) मध्येच अडकतं, आणि हाताला फोनेटिकची, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरांत टाइप करायची सवय. यात पडू का?

टायपिंगचे_सर:
अवश्य पडा. मी 22 वर्षं टायपिंग शिकवलं. आधी एक सांगतो, वरून तेल ओतू नका, त्यात धूळ बसून सगळं चिकट होतं. कोरड्या ब्रशने झाडा, मग जुन्या टूथब्रशला स्पिरिट लावून अक्षरं घासा, खाली फडकं ठेवा. कॅरेजची पट्टी पुसून शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. रिबन साधी अर्ध्या इंचाची चालते, नवीन रिबन जुन्याच स्पूलवर गुंडाळून घ्या. इतक्या वर्षांत रोलरचं रबर कडक झालं असणार, म्हणून कायम दोन कागद लावा.

कीबोर्डचं म्हणाल तर 'किती' मारताना आधी ह्रस्व वेलांटी, मग क, मग त आणि दीर्घ वेलांटी. भ, ध, ण अर्धे मारून पुढे काना द्यायचा. मात्रा-उकाराला कॅरेज सरकत नाही, तिथे नवशिका गोंधळतो. रोज अर्धा तास बसा, परीक्षेचे मिनिटाला 30 शब्द तुम्हाला नकोच आहेत.

कागदावरचा:
मी तीन वर्षं असंच लिहितोय. चुकलं तर त्यावर क्ष क्ष क्ष मारायचं आणि पुढे जायचं, मागे वळून वाचायचं नाही. ओळींमध्ये दुप्पट जागा आणि डावीकडे मोठा मार्जिन ठेव, पेन्सिलीने दुरुस्त्या तिथे होतात. फोनने फोटो काढून मजकूर उचलायचा प्रयत्न केला होता, जोडाक्षरांचा पार चुथडा झाला. आता मी स्वतःच कॉम्प्युटरवर परत टाइप करतो आणि खरं सांगू का, तोच माझा सगळ्यात चांगला खर्डा असतो, कारण जे वाक्य परत मारायचा कंटाळा येतो ते वाक्य नकोच असतं.

फ्लॅटवाली:
रात्री वाजवणार असाल तर मशीनखाली चौघडी केलेली घोंगडी घाला, टेबल दणाणतं ते थांबतं. दुसऱ्या दिवशी द्यायचा लेख मात्र यावर नका घेऊ, मला मनस्ताप झालाय. आणि मशीन जपा, गोदरेजने 1955 ला टाइपरायटर बनवायला सुरुवात केली होती पण आता नवीन बनत नाहीत, पार्ट जुन्या मशीनमधूनच काढावे लागतात.

माळ्यावरचं_मशीन:
सर, स्पिरिटने भ एकदम स्वच्छ उमटला, आणि कॅरेजच्या पट्टीत चक्क एक टाचणी अडकलेली निघाली! काल जुन्या रिबनवरच दीड पान झालं. ओळ संपत आली की घंटी वाजते ना, तेवढ्यात पुढचं वाक्य मनात जुळवायला लागलोय. आजी दार उघडते तो प्रसंग चार महिने अडकला होता, तो एकदाचा कागदावर आला. आज रिबन शोधायला शहरात चाललोय.