शब्दचर्चा : बेकेनबाउर – प्रशिक्षक, व्यवस्थापक की संघप्रमुख?

प्रश्न : जर्मनीचे फुटबॉलपटू फ्रान्झ बेकेनबाउर यांना मराठीत कुठे ‘प्रशिक्षक’, कुठे ‘व्यवस्थापक’ म्हटलेलं दिसतं. बरोबर काय?

‘व्यवस्थापक’ आधी बाद करावा. आपल्याकडे क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हणजे प्रवास, हॉटेल, सरावाच्या वेळा बघणारा माणूस. इंग्लंडच्या फुटबॉलमधला मॅनेजर संघ निवडतो आणि डावपेच ठरवतो. त्याला ‘व्यवस्थापक’ म्हटलं की मराठी वाचकाला भलताच माणूस दिसतो.

‘प्रशिक्षक’ बहुतेक ठिकाणी चालतो, पण बेकेनबाउर यांच्या बाबतीत खरी गंमत इथेच आहे. जर्मनीत राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकाला ‘बुंडेसट्रेनर’ म्हणतात, आणि तेव्हा सर्वोच्च प्रशिक्षण परवान्याचं नाव होतं ‘फुसबाल-लेरर’, म्हणजे सरळ ‘फुटबॉल-शिक्षक’. १९८४च्या युरो स्पर्धेत पश्चिम जर्मनी साखळीतच गारद झाल्यावर प्रशिक्षक युप डेरवाल गेले आणि बेकेनबाउर आले. त्यांच्याकडे हा परवाना नव्हता. मग त्यांच्यासाठी पद आलं ‘टीमशेफ’. परवानाधारक म्हणून सोबत आधी होर्स्ट कोपेल आणि पुढे होल्गर ओसिएक होते.

जर्मन ‘शेफ’ म्हणजे आचारी नव्हे, साहेब. ती साहेबी नुसती नावापुरती नव्हती. १९८६च्या विश्वचषकात गोलरक्षक उली श्टाइन याने त्यांना ‘झुप्पेनकास्पर’ म्हटलं. झुप्पे म्हणजे सूप, कास्पर म्हणजे बाहुलीच्या खेळातला विदूषक. बेकेनबाउर यांनी तरुणपणी सुपाची जाहिरात केली होती, तो टोमणा. श्टाइनला मेक्सिकोहून थेट घरी पाठवण्यात आलं!

निर्णयही त्यांचेच. १९८६च्या अंतिम सामन्यात मॅराडोनाला रोखायचं काम त्यांनी लोथार माथेउसला दिलं आणि संघ ३-२ हरला. १९९०ला रोममध्ये पुन्हा अर्जेंटिनाच समोर होती. या वेळी मॅराडोनाच्या मागे गुइडो बुखवाल्ड होता आणि माथेउस मैदानाच्या मध्यभागी मोकळा खेळत होता. ८५व्या मिनिटाला ब्रेमेची पेनल्टी, १-०. खेळाडू आणि नंतर संघाचा मुख्य म्हणून विश्वचषक जिंकणारे ब्राझीलच्या झागालोंनंतरचे ते दुसरे. अशा माणसाच्या पदाचं नाव मराठीत अचूक यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

शंका : मग ‘संघनायक’ का नको?

कारण संघनायक म्हणजे आपल्याकडे कर्णधार. १९७४चा विश्वचषक बेकेनबाउर यांनी कर्णधार म्हणूनच जिंकला होता, त्यामुळे दोन वेगळ्या भूमिकांना एकच शब्द पडेल आणि सगळा घोळ होईल. ‘संघप्रमुख’ बरा. रूडी फेलर २०००पासून २००४पर्यंत जर्मन संघाचे टीमशेफच होते, त्यांनाही तो लागू पडतो.

बायर्न म्युनिक या क्लबचं मात्र वेगळं. तिथे बेकेनबाउर यांनी १९९४मध्ये हंगामाच्या मध्यावर संघ हाती घेऊन लीग जिंकली, १९९६मध्ये तसेच येऊन युएफा चषक जिंकला. त्या कामाला ‘हंगामी प्रशिक्षक’ हा शब्द चपखल बसतो.

वापर : ‘१९९०मध्ये संघप्रमुख बेकेनबाउर यांनी माथेउसला मोकळं सोडलं.’