पेरणीच्या फलकावर ‘अधीरता’ लिहावं का?

प्रश्न:
मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. त्याआधी गावच्या फलकावर ओळ लिहायची आहे: ‘अधीरतेने पेरणी करू नका.’ इंग्रजी ‘इम्पेशन्स’ला कोशात अधीरता सापडतो, पण गावात तो कोणाच्या तोंडी नाही. उतावीळपणा, घाई, आतुरता यांतला कोणता बसेल?

उत्तर १:
अधीरता नको. ज्याला धीर नाही तो अधीर, हे बरोबरच. पण आपल्याकडे ‘धीर’ म्हटलं की आधी हिंमत आठवते. ‘त्याचा धीर सुटला’ म्हणजे माणूस खचला. थांबवत नाही याला वऱ्हाडात सरळ ‘दम निंगत नाही’ म्हणतात: ‘दोन सरी पडल्या का याले दम निंगत नाही, तिफन काढलीच.’

घाईत दोष असेलच असं नाही, एसटी सुटायची असली तरी घाई होते. उतावीळपणात मात्र क्रम चुकतो. ‘उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग’ म्हणतात ते त्यासाठीच, बाशिंग कपाळाचं आणि बांधलं गुडघ्याला. आतुरता इथे नकोच. लेक माहेरी यायची आतुरता असते, त्यात गोडवा आहे.

उत्तर २:
‘घायकुतीला येणं’ यात मिसळू नका. वाट पाहून, सोसून जीव मेटाकुटीला येतो ती ही अवस्था. पाऊस दडी मारतो तेव्हा शेतकरी घायकुतीला येतो. त्याला उतावीळ म्हणणं अन्याय आहे.

उत्तर ३:
शब्द कोणताही घ्या, आकडा टाकाच: ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू कपाशी, सोयाबीन नाही. एका सरीनं वरची दोन बोटं माती भिजते, खाली कोरडं. बी फुगतं, मोड काढतं, मग उघाड पडली की मुळाला ओल मिळत नाही आणि मोड वाळतो. मग दुबार पेरणी, बियाण्याचा खर्च पुन्हा. पर्जन्यमापक जवळ नसेल तर वावरात दोन-तीन जागी खणून पाहा, ओल किती खोल गेली ते दिसतं.

प्रश्नकर्ता:
मग ‘दम धरा, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, मगच पेरा’ असं लिहू? ‘दम’ वाचून कोणाला धमकी वाटायची नाही ना?

उत्तर १:
नाही. धमकी ‘दम देणं’ यात आहे. ‘दम धर ना बाप्पा’ तर घरोघरी म्हणतात. लिहा.